पेवाच्या तोंडाशी

गाव त्याला 'पाचवा' म्हणू लागलं, तेव्हापासून मी मुद्दाम मोठ्यानं 'सूर्यभानतात्या' म्हणून हाक मारू लागलो. त्यात माझा काही मोठेपणा नव्हता. मला गावाचा राग आला होता, आणि शिंप्याला राग आला तरी तो काढायला जागा कुठे असते? गिऱ्हाईक तेच आणि गावही तेच. म्हणून मी आपला एवढंच करायचो.

माझं शिवणाचं मशीन त्याच्या ओट्याच्या बरोबर समोर, रस्त्याच्या अलीकडे. वर्षानुवर्षं आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो, पण बोलणं जेमतेम. तात्या मुळातच घुमा. त्याची बायको झुंबरबाई लवकर गेली, मूलबाळ झालं नव्हतं. ती होती तोवर त्या घरातून निदान एका माणसाचं बोलणं ऐकू यायचं. ती गेल्यावर सकाळी भाकरी थापल्याचा आवाज यायचा, तेवढाच. संध्याकाळी तो सकाळचीच भाकरी खायचा.

त्याचं काम पेवांचं. आमचं गाव शेवगावच्या बाजूचं, कोरडं. गावठाणाची पांढरी माती घट्ट, तिच्यात ओल शिरत नाही, म्हणून मोठी घरं ज्वारी पेवात ठेवत. पेव म्हणजे जमिनीत खोदलेला अवाढव्य रांजणच म्हणा. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि पोट एखाद्या खोलीएवढं. आत कडब्याचं अस्तर लावायचं, धान्य भरायचं, तोंडावर फरशी ठेवून माती लिंपायची आणि वरून अंगण सारवून टाकायचं. मग त्यावरून गुरं गेली तरी कुणाला पत्ता लागत नसे. खोदणं, अस्तर लावणं, तोंड बांधणं आणि पुढे उघडणं, सगळं तात्याकडे. तोंड बांधून झालं की घरधनी त्याच्या हातावर भंडारा ठेवायचा आणि तात्या तो कपाळाला लावायचा. या घरच्या पेवाचं तोंड मी कुणाला दाखवणार नाही, असा त्याचा अर्थ. बोलून दाखवायचं काही नसे, आणि ते तात्याला बरंच होतं.

पेव उघडताना मात्र हा माणूस बदलायचा. बंद पेवात हवा कुजते. फरशी काढल्या काढल्या जो आत उतरेल तो मेलाच, ओरडायलाही सवड मिळत नाही. तात्याचा चुलता असाच गेला होता, तात्याच्या डोळ्यांसमोर. म्हणून तात्या आधी दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. विझला की वर घ्यायचा, घोंगडीनं वारा घालत बसायचा आणि परत सोडायचा. तळाला कंदील जळत राहिला की मगच माणूस उतरवायचा. घाई करणारा कितीही मोठा असो, तात्या त्याला हाताला धरून मागे सारायचा.

बहात्तरच्या दुष्काळात सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागलं. मीही जात होतो. अंगावरच्या कपड्याला ठिगळ लावायलाही लोकांना उसंत नव्हती, नवीन शिवतंय कोण? सकाळी गेलेली माणसं दिवस कलता परत येत. दुपारी गावात म्हातारी माणसं आणि कुत्री. तात्याला पेवातल्या धुळीनं खोकला जडलेला, त्याच्यानं हातोडा पेलत नव्हता, म्हणून तो घरीच असायचा. आणि गावातलं सगळ्यात मोठं घर आप्पासाहेबांचं, त्यांच्या परसात पेव भरलेलं होतं. बाकी सगळं गाव रेशनवरच्या लालसर परदेशी ज्वारीच्या, मिलोच्या, भाकऱ्या खात होतं तेव्हा.

पुढचं मी पाहिलेलं नाही. थोडं कोर्टात ऐकलं, थोडं तात्याकडून.

भर दुपारी चौघं जण बैलगाडी घेऊन आले. गाडी उघड्या रस्त्यानं आली, कुणाला संशय आला नाही. संशय घ्यायला होतं तरी कोण? वरच्या अंगाच्या गावातली माणसं, पाऊस नाही म्हणून वाट चुकलेली. त्यातला एक, गोरक्ष नावाचा, मिसरूड फुटायच्या वयाचा होता. पेव आहे हे त्यांनी ऐकलेलं, पण तोंड कुठे ते ठाऊक नव्हतं. ते सरळ तात्याच्या घरात शिरले. म्होरक्यानं चाकू गळ्याला लावला आणि म्हणाला, तोंड दाखव नाहीतर इथंच संपवतो. तात्याच्या गळ्यावर पुढे बरेच दिवस त्याचा व्रण होता. तो परसात गेला, जागा दाखवली, त्यांनी सांगितलं तशी कुदळीनं माती काढली आणि फरशी सरकवली. आप्पासाहेबांची बायको गोजरबाई घरात एकट्याच होत्या. त्यांनी आतून कडी घातली आणि दाराच्या फटीतून बघत राहिल्या.

फरशी सरकली तसा गोरक्ष घाईघाईनं आत पाय सोडून बसला. तात्यानं त्याला काखेत हात घालून मागे ओढलं, दोघंही पडले. म्होरक्या चाकू घेऊन धावून आला. तात्या म्हणाला थांबा, आधी दिवा सोडू द्या. कंदील सोडला तो अर्ध्यावरच विझला. ते चौघांनीही पाहिलं. मग वारा घालत बसण्यावाचून इलाज नव्हता. तात्या घोंगडी हलवून दमला तेव्हा गोरक्षानं ती हातात घेतली. लिंबाखाली सगळे बसले, कुणीतरी तंबाखू काढली. पोरानं विचारलं, आतून एवढं रुंद खोदता कसं, माती ढासळत नाही का? तात्यानं सांगितलं. हातांनी आकार करून दाखवला. फटीतून गोजरबाईंनी हे पाहिलं.

ज्वारी भरून गाडी निघाली तोवर दिवस कलला होता. ओढ्याच्या उतारावर आम्ही कामावरून परतणारी माणसं त्यांना समोरासमोर भेटलो. पोती ओळखीची, माणसं अनोळखी. चौघांना तिथंच धरलं, आणि जे व्हायचं ते झालं. त्याबद्दल मला लिहायचं नाही. गाडी उलटली, निम्मी ज्वारी ओढ्याच्या वाळूत गेली, बायाबापड्या रात्र पडेपर्यंत वाळू चाळत होत्या.

तिथून सगळे आप्पासाहेबांच्या परसात धावले. तात्या तिथं एकटाच होता. काय करत होता? तर पेवाच्या तोंडावर फरशी बसवून कडेनं माती लिंपत होता. उघडं राहिलं तर एखादं लेकरू पडेल, म्हणून. चोर गेल्यावर जो माणूस आरडाओरडा करायचा सोडून तोंड झाकत बसतो, त्याला गाव काय म्हणणार? गोजरबाई दार उघडून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ह्यो त्यांच्यात बसून तमाखू खात हुता. हासत हुता. म्या डोळ्यांनी बघितलं."

फौजदारानं पाचही जणांना नेलं. पाच माणसं झाली की कायद्यात तो दरोडा होतो, चार असली तर जबरी चोरी. तात्या मोजला तर खटल्याला वजन येत होतं. त्याला जामीन राहायला गावातून कुणी पुढे आलं नाही. माझ्याजवळ जामीन लिहून द्यायला मशीनशिवाय काही नव्हतं, आणि तेही बायकोच्या माहेरचं.

वर्षभर त्याचं घर बंद होतं. समोर ओटा रिकामा दिसायचा आणि माझं कामात लक्ष लागायचं नाही. बोलत नसला तरी माणूस समोर बसलेला असणं वेगळं, हे मला तेव्हा कळलं.

नगरच्या सेशन कोर्टात खटला उभा राहिला तेव्हा मी दोरा आणि बटणं आणायचं निमित्त करून गेलो. कोर्टाच्या व्हरांड्यात पाचही जण पोलिसांबरोबर एका रांगेत बसलेले. गोरक्षानं तात्याला खिशातला शेंगदाण्याचा पुडा दिला आणि तात्यानं घेतला. साक्षीला आलेल्या आमच्या गावकऱ्यांनी ते पाहिलं आणि एकमेकांकडे बघितलं. माझ्या मनात आलं, अरे बाबा, निदान आज तरी घेऊ नकोस. पण वर्षभर त्याला दुसऱ्या कुणी काही दिलं नव्हतं, हेही खरं.

त्याला सरकारनं वकील दिलेला होता, तरुण आणि हुशार. त्यानं तात्याला समजावून सांगितलं, ते मी शेजारी उभा राहून ऐकलं. तुम्ही तोंड दाखवलं आणि उघडलं, ते जीव जाईल या भीतीनं, आणि कायदा अशा माणसाला गुन्हेगार धरत नाही. पण ती भीती शेवटपर्यंत होती, असं दिसलं पाहिजे. सरकारी वकील विचारणार की ते पोरगं आत मरत होतं तर तुम्ही त्याला मरू का दिलं नाही? एक आत पडला असता, बाकीचे पळाले असते, तुम्ही सुटला असता. जिवाची भीती असलेला माणूस चोराचा जीव वाचवतो का? तेव्हा तुम्ही असं सांगा, की गाव कामावरून परत येईपर्यंत त्यांना अडकवून ठेवायचं म्हणून मी दिव्याचं निमित्त करून वेळ काढला. तसं झालंच आहे की. उशीर झाला म्हणूनच ते सापडले.

मला वकिलाच्या पायाला हात लावावासा वाटला. एका वाक्यात तात्या सुटत होता, वर गावात मान मिळणार होता. ज्यानं युक्ती करून चोर पकडून दिले तो माणूस! आप्पासाहेबांनी फेटा बांधला असता त्याला. तात्या 'बरं' म्हणाला. पण त्याचं 'बरं' म्हणजे ऐकलं एवढंच, तसं करीन असं नव्हे, हे मला ठाऊक होतं.

जज्जसाहेब वयस्क होते, सावकाश बोलत. गोजरबाईंची साक्ष आदल्या दिवशीच झाली होती. साहेबांनी तात्याला विचारलं, मुलाला मागे का ओढलं? तात्यानं वकिलाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"पेवात मानूस मरतो, सायेब."

म्हणजे गावातली माणसं येईपर्यंत तू वेळ काढत होतास का, असं साहेबांनीच विचारलं. वकिलानं होकाराची मान हलवली, जवळजवळ तात्याच्या वतीनं.

"मला तसं सुचलं न्हाई. सुचाया पायजे हुतं. पोरानं पाय सोडलं आन् म्या वढलं, येवढंच."

त्या वेळी तुला भीती वाटत होती की नव्हती?

"चाकू लावला तवा माज्या जिवाची वाटली. लई वाटली. पोरानं पाय सोडल्याव त्याच्या जिवाची वाटली."

वकिलानं कागद मिटले. साहेबांनी विचारलं, बाई म्हणतात तू त्यांच्यात बसून हसलास, हे खरं आहे का?

तात्या म्हणाला, "हासलो आसंन. लई वर्सांनी कुनी कामाचं इचारलं हुतं."

मी मागच्या बाकावर होतो. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी बटणांची पुडी काढून बटणं बघत बसलो.

निकाल पुढे महिन्याभरानं लागला. साहेबांनी लिहिलं की तोंड दाखवणं आणि फरशी काढणं हे गळ्याला चाकू असताना झालं. अशा वेळी मरण पत्कर, असं कायदा साध्या माणसाला सांगत नाही. पुढे त्यानं जे केलं ते चोरीला मदत म्हणून नव्हे, समोर मरणाऱ्या माणसासाठी केलं, आणि तो गुन्हा नव्हे. तंबाखू खाणं आणि हसणं हाही गुन्हा नव्हे. तात्या सुटला. तो गळल्यावर चारच उरले, म्हणून दरोडाही गळला आणि चौघांना जबरी चोरीची शिक्षा झाली.

कोर्टानं पाचवा माणूस खोडला, गावानं तेव्हापासून तो लिहिला. एसटीतून उतरून तो वेशीतून आला तेव्हा पारावरची माणसं बोलायची थांबली, आणि तो घरात गेल्यावर पुन्हा बोलू लागली. गावाचं म्हणणं साधं होतं. याची भाषा जज्जाला कळली असेल, आम्हाला नाही. आमची ज्वारी वाळूत गेली आणि ह्याला चोराच्या पोराची काळजी. शिवाय भंडारा कपाळाला लावून तोंड दाखवलं, ते वेगळंच. मी एकदोघांशी भांडलो. ते म्हणाले, तू कापड काप.

तो तुरुंगात असतानाच त्र्याहत्तरचा पाऊस बरा झाला होता. खरीप आलं, मागाहून रब्बीची ज्वारी आली, खळी झाली. पेवं पुन्हा भरायची वेळ आली तरी तात्याला कुणी बोलावलं नाही. लोक कणग्यांत भरू लागले, पोत्यांत भरू लागले, उंदरांनी खाल्लं तरी चालेल म्हणाले. तो रोज सकाळी ओट्यावर येऊन बसायचा, कंदिलाची काच पुसायचा, दोरीची गाठ तपासायचा. दुपारी आत जायचा. कुणाच्याही दारात ज्वारीची गाडी थांबली की त्याची मान तिकडे वळायची. मला ते बघवत नसे, म्हणून मी मशीन तिरकं करून घेतलं. मग वाटलं की त्याच्याकडे पाठ करणारा गावात आणखी एक झाला, आणि पुन्हा सरळ केलं.

चैत्रात एका दुपारी आप्पासाहेबांचा गडी भीमा त्याच्या ओट्याशी आला. तात्यानंच खोदलेलं एक नवं पेव त्यांच्या परसात होतं, पण ते दुष्काळाआधीपासून तसंच झाकून पडलेलं, आणि आप्पासाहेबांची ज्वारी भरपूर झाली होती. निरोप असा होता की झालं गेलं सोडून द्यायला मालक तयार आहेत. उद्या सकाळी ये. फक्त त्या लोकांचा आणि तुझा काही संबंध नाही, हे गावाला दिसू दे. तात्या 'बरं' म्हणाला. भीमा गेल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा असा मी झुंबरबाई असतानाही पाहिला नव्हता. संध्याकाळी त्यानं घोंगडी झटकली, कंदिलात तेल भरलं. त्या दिवशी त्याच्या घरात दुसऱ्यांदा भाकरी थापल्याचा आवाज आला.

आणि तेव्हाच ती बाई आली. पायी आलेली, धुळीनं भरलेली, फडक्यात काहीतरी बांधलेलं. सूर्यभान पेववाल्याचं घर कोणतं, म्हणून तिनं मलाच विचारलं. कोण तुम्ही, म्हटलं. ती हळूच म्हणाली, गोरक्षाची आई, लंकाबाई. तुरुंगात पोराला भेटून आली होती.

मी तिला सांगू शकलो असतो की तो गावाला गेलाय. खरं सांगतो, तसं तोंडाशी आलं होतं. पण तात्या तेवढ्यात भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनीच दारात आला आणि तिनं पुढे होऊन ओट्याला डोकं टेकलं. रस्त्यावर पाण्याला जाणाऱ्या बायका होत्या. त्यात गोजरबाईही होत्या.

"तुमी माज्या पोराला वर वढलं," लंकाबाई म्हणाली. "तेनं सांगितलं, आई, आदी तिकडं जा." फडक्यात हुलगे होते. मग तिनं आजूबाजूला पाहिलं. बायका थांबल्या होत्या. गावात काय चाललंय हे तिला कळायला वेळ लागला नाही, कारण तिच्याही गावात तेच चालू असणार. ती म्हणाली, "मी जाते मागल्या अंगानं. लोक बघत्यात. तुमाला बोल नको."

तात्या रस्त्याकडे बघत उभा राहिला. मी मशीनचं चाक हातानं धरून ठेवलं होतं. उद्याची सकाळ त्या ओट्यावर ठेवलेली होती, आणि ते तिघांनाही कळत होतं, त्याला, मला आणि गोजरबाईंना.

"मागल्या अंगानं कशापायी?" तो म्हणाला. "चालून आलीस, बस इथंच."

त्यानं आतून बाज आणून ओट्यावर टाकली, रस्त्याच्या बाजूला. तांब्याभर पाणी दिलं, ताज्या भाकरीवर पिठलं वाढून आणलं. ती जेवली. तो शेजारी जमिनीवर बसला आणि पोराची विचारपूस करत होता. पोरगं तिथं काय काम करतं, खातं का, त्याचा हात बरा झाला का. मारहाणीत त्याचा हात मोडला होता, ते मला तोवर माहीत नव्हतं. दिवस मावळायच्या आत तात्यानं तिला स्वतः एसटीच्या थांब्यापर्यंत पोचवलं, भर रस्त्यानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कंदील आणि दोरी घेऊन ओट्यावर बसला. गोजरबाईंनी सगळं पाहिल्यावर आता ते काम आपलं नाही हे त्याला माहीत होतं, तरी बसला. आप्पासाहेबांच्या परसातून माणसांचे आवाज येऊ लागले, फरशी ओढल्याचा आवाज आला. रातोरात शेवगावहून कुणी दुसरा माणूस आणल्याचं मी ऐकलं होतं. तात्या कान देऊन ऐकत राहिला. मग उठला, रस्ता ओलांडून माझ्याकडे आला. इतक्या वर्षांत माझ्या पडवीत तो पहिल्यांदाच आला होता.

"रंभाजी," तो म्हणाला, "त्यांनी दिवा सोडला का रं आदी?"

मला काय ठाऊक, म्हटलं.

त्यानं कंदील माझ्यापुढे धरला. पेटवलेलाच होता, भर उजेडात. "येवढा दिऊन ये. माजा म्हनून सांगू नको."

मी घेऊन गेलो. माझा म्हणून सांगितला. त्यांनी घेतला, आत सोडला, आणि तो विझला. आत पाय सोडून बसलेला माणूस पाय वर घेऊन मागे सरकला. मग ते सगळे घोंगडी शोधायला लागले.

दुपारी मी कंदील परत आणला. तात्या ओट्यावर होता. त्यानं काच काढली, काजळी पुसली आणि खाली मान घालूनच विचारलं, "कुनी माजं काय इचारलं का?"

मी म्हटलं, "न्हाई, तात्या."

"बरं," तो म्हणाला, आणि कंदील घेऊन आत गेला.